तफावत

मार्चमधली रात्र, साडेतीन.
कोसमटोल्याच्या मामा तलावाची पाळ,
दोन बांबूंमध्ये ताणलेली जाळी,
आणि मोहावरून कहूच्या झाडांकडे परतणारी पहिली वाघळं.

"बाई, वाघूर आला जी."

मी मास्कमधून म्हणते, हळू, पंख ओढू नका.
सुकरू मडावी एकेक धागा सोडवतो,
पोरीच्या केसांतला गोखरू काढावा तसा.
कापडी पिशवी. काट्यावर सहाशे चाळीस ग्रॅम.
मादी. अंगाला मोहाचा वास, दारूच्या आधीचा.
घशातून एक बोळा, मागून एक,
गुलाबी द्रावणाच्या कुपीवर माझं अक्षर: को-टो ३१.

टॉर्चमध्ये तिचा डोळा विस्तवासारखा.
"डोरा पाहा तिचा," सुकरू म्हणतो.
माझी आई अचलपूरची, ती म्हणाली असती, डोया.
पुस्तकात डोळा.
आमच्याकडे बघत होता तो एकच.

*

नागपुरात, ऐन उन्हाळ्यात, एसी बंद पडलेल्या खोलीत
पडद्यावर चार अक्षरांची न संपणारी ओळ.
इन्फ्लुएन्झा. आठ तुकड्यांचा एवढासा ऐवज,
आणि स्वतःला उतरवून घेताना मागे वळून वाचायची सवय नाही.
घंटा झाल्यावर फळ्यावरचं खरडणारं पोर:
चुकलं ते चुकलं,
पुढचा त्याचीच वही उतरवतो.
बहुतेक चुका तिथेच मरतात.
एखादी तगते.

चौथ्या तुकड्यात, जिथून तो पेशीचं दार चाचपतो,
सव्विसाव्या मादीत ए आहे,
एकतिसावीत तिथे जी,
सुकरूच्या वाक्याच्या शेवटी असतो तसा.
दोघी एकाच कहूच्या, बहुधा एकाच फांदीच्या.
ढोमणे सर खांद्यावरून वाकून विचारतात, याने काय होतं?
मी म्हणते, माहीत नाही.
आणि तेच वहीत लिहिते, कारण तेवढंच खरं आहे.

*

जूनमध्ये पुन्हा पाळीवर.
सरपंच वच्छलाबाई थेट मुद्द्यावर: झाडं तोडायची का?
नको. तोडली तर ती पांगतील, उपाशी, बिथरलेली,
तुमच्या छपराजवळ येतील.
त्यांनी चावलेलं फळ उचलू नका.
दम्यावर औषध म्हणून शिजवू नका.
एवढंच?
एवढंच. बाईंचा चेहरा पडतो,
मोठ्या गाडीतून आलेल्या माणसाने
काहीतरी मोठं सांगायला हवं होतं.

सगळे गेल्यावर सुकरू पॉलिथिनची पिशवी सोडतो.
आजाच्या दाखल्यावर मरावी.
बापाच्या वनपट्ट्यावर मडावि, ऱ्हस्व.
त्याच्या शाळेत मडावी. पोरीच्या, सगुणाच्या, तेच.
पडताळणीची फाइल परत आली आहे,
लाल शाईत एक शब्द: तफावत.

"तुमी मशिनीत अक्षरं जुळवता ना बाई.
हे जुळवून द्या ना जी."

काय सांगू याला.
की माझी मशिन तफावत पाहून फाइल परत करत नाही,
तफावतीवरूनच ती ठरवते
कोण कुणाच्या पोटी आलं.
एक अक्षर हललेलं दिसलं की आम्ही टाळी देतो एकमेकांना.
एकतिसावीला कुणी विचारलं नाही
तुझ्या आईत ए होता का, पुरावा आण.

नमुन्यांच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर
मी तिन्ही नावं एकाखाली एक लिहिते,
ड खाली र, दीर्घाखाली ऱ्हस्व,
गोल करते.
शेजारी रेघा: आजा वर, मग बाप, मग तो, टोकाला सगुणा.
कुठलाही साहेब हा कागद घेणार नाही, हे दोघांनाही माहीत.

सुकरू बराच वेळ पाहतो.
मग कागद फिरवतो, उलटा,
आजा खाली, पोरगी वर.

"आता झाड झाला," म्हणतो.

कहूवर कुणीतरी पंख झटकून
पुन्हा अंगाभोवती गुंडाळून घेतं.